शिधा किलोत, स्वयंपाक मापात
शालेय पोषण आहारातील वजन-मापाचा मेळ

सकाळची हजेरी झाली की प्राथमिक शाळेतील मुख्याध्यापक, किंवा आहाराचे काम पाहणारे शिक्षक, त्या दिवशीच्या उपस्थितीचा आकडा स्वयंपाकगृहाकडे कळवितात. स्वयंपाकीण कोठीतील पोत्यातून तांदूळ काढते, डाळ काढते, पातेल्यात तेल ओतते. दुपारी शिधा-नोंदवहीत त्या दिवसाचा खर्च लिहिला जातो आणि तो किलोग्रॅममध्ये लिहिला जातो. कोठीतून शिधा निघतो तो मात्र पुष्कळदा तराजूवर तोलून नव्हे, तर डब्याने, मगाने अथवा वाटीने मोजून. नोंदवहीत वजन आणि हातात माप, असा हा व्यवहार आहे. या दोहोंचा मेळ कोणी व कसा घालावयाचा, याचा विचार फारसा होत नाही. मापाचे भांडे एक लिटरचे असले, म्हणजे त्यात एक किलो धान्य मावते, असे गृहीत धरून काम पुढे चालते.

या गृहीताची किंमत किती, हे पाहण्यापूर्वी ठरलेले प्रमाण ध्यानात घेणे इष्ट होईल. प्राथमिक शाळांतील आहाराची केंद्रीय योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. प्रारंभी अनेक राज्यांत विद्यार्थ्यांना कोरडे धान्य दिले जात असे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजविलेले अन्न देण्याविषयी आदेश दिला, आणि तेव्हापासून शाळेच्या आवारात चूल पेटली. २०२१ पासून ही योजना ‘प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण’ या नावाने ओळखली जाते. तिच्यात पहिली ते पाचवीच्या विद्यार्थ्यामागे दररोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजीपाला व ५ ग्रॅम तेल असे प्रमाण आहे. सहावी ते आठवीसाठी ते दीडपट, म्हणजे १५०, ३०, ७५ व साडेसात ग्रॅम असे आहे. पहिल्या गटास या आहारातून ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, तर दुसऱ्यास ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा हेतू आहे. हे सर्व आकडे कच्च्या शिध्याचे आहेत आणि ते सर्व वजनाचे आहेत.

आता पहिली ते पाचवीची साठ मुले उपस्थित असलेली एक शाळा उदाहरणादाखल घेऊ. तेथे सहा किलो तांदूळ लागतो. स्वयंपाकिणीने लिटरचे माप सहा वेळा सपाट भरून घेतले. तांदूळ पाण्याइतका घट्ट बसत नाही, दाण्यादाण्यांत हवा राहते. त्यामुळे एका लिटरात साधारणपणे ८०० ते ८५० ग्रॅमच तांदूळ मावतो. तो ८२० ग्रॅम धरला, तर सहा मापांत ४ किलो ९२० ग्रॅम भरतो. नोंदवहीत सहा किलो खर्ची पडतात, मुलाच्या ताटात मात्र १०० ग्रॅमऐवजी ८२ ग्रॅमांचा भात पडतो. उरलेल्या १८ ग्रॅमांत साठांहून अधिक उष्मांक असतात. महिन्याचे कामाचे बावीस दिवस धरले, तर या एकाच शाळेत सुमारे पावणेचोवीस किलो, म्हणजे जवळजवळ अर्धे पोते तांदूळ नोंदवहीत संपलेला असतो आणि कोठीत शिल्लक असतो. या तांदळाला कागदावर मालक नाही. तो कोठीतच राहिला तर तपासणीच्या वेळी साठा जास्त का, म्हणून विचारणा होते, आणि बाहेर गेला तर कोणाच्या लक्षातही येत नाही. चोरी करण्याचा हेतू कोणाच्याही मनात नसताना चोरीला जागा मिळते, ती अशी.

तेलाच्या बाबतीत हीच चूक उलट्या अंगाने डोके वर काढते. तेल पाण्याहून हलके असते. एक लिटरच्या पिशवीत सुमारे ९१० ते ९२० ग्रॅम तेल असते. दहा पिशव्या आल्या म्हणून साठ्यात ‘दहा किलो’ जमा धरले, की पहिल्याच दिवशी पाऊण किलोहून अधिक तूट कागदावर निर्माण होते. पुढे खर्च अगदी काटेकोर तोलून केला तरी महिनाअखेरीस तेल कमी भरते. तेव्हा बोट दाखविले जाते ते स्वयंपाकिणीकडे. वस्तुतः तिने एक थेंबही इकडचा तिकडे केलेला नसतो. तेल उष्णतेने प्रसरण पावते, त्यामुळे त्याच्या लिटरचे वजनही एकसारखे राहत नाही. सोयाबीन तेलाचा जो लिटर २१ अंश सेल्सियसला सुमारे ९१९ ग्रॅम भरतो, तोच ६० अंशांना सुमारे ८९३ ग्रॅम भरतो. पिशवीवर चढे तापमान छापून कमी वजनाचे तेल लिटर म्हणून विकता येऊ नये, यासाठी २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने तेल-उत्पादकांना तापमानाचा उल्लेख न करता निव्वळ प्रमाण व त्याबरोबर वजन छापण्याची सूचना दिली. तेव्हा तेलाची जमा धरताना पिशवीवरील वजनाचा आकडा पाहावा. तो तेथेच छापलेला असतो.

येथे एक शंका सहज उद्भवते. घराघरांत स्वयंपाक वाटी-चमच्यानेच चालतो आणि तो बिघडत नाही. मग शाळेतच माप का चुकावे? याचे उत्तर असे की, घरच्या स्वयंपाकाला वजन लागतच नाही, त्याला प्रमाण लागते. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी घेताना वाटी लहान असो वा मोठी, दोन्हीकडे तीच वाटी असल्याने भात बरोबरच होतो. इडलीचे तांदूळ व उडीद डाळ, लाडवाचे बेसन व साखर यांचेही तसेच आहे. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने वाटी व चमच्याच्या प्रमाणांनी कित्येक नवशिक्या गृहिणींचा स्वयंपाक सावरला, त्याचे एक कारण हेच होय. घरी कोणाला हिशेब द्यावयाचा नसतो. शाळेत तो द्यावयाचा असतो, आणि साठ मुलांपैकी प्रत्येकाचा वाटा ग्रॅममध्ये ठरलेला असतो. म्हणून घरी उत्तम स्वयंपाक करणारी बाई शाळेत वजनात चुकते, यात तिच्या कौशल्याचा दोष नाही. तिच्या हाती जे माप दिले आहे ते कधीच तोलून पाहिलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

वजन आणि माप यांचा गोंधळ आपल्याकडे आजचा नाही. धान्य मापाने घेण्या-देण्याची रीत महाराष्ट्रात फार जुनी आहे. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, आणि पुढे मण व खंडी, ही कोष्टके जुन्या पिढीने शाळेत घोकली होती. त्यातील शेर दोन प्रकारचा असे. ऐंशी तोळ्यांचा शेर वजनाचा, तो सुमारे ९३३ ग्रॅमांचा. मापी शेर निराळा, त्यात कोणते धान्य आहे यावर त्याचे वजन ठरे. शिवाय एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीशी जुळेलच असे नव्हते. एकच नाव दोन वस्तूंना असल्यामुळे व्यवहारात केवढा घोटाळा होत असेल, याची कल्पना करता येते. ‘मापात पाप’ हा शब्दप्रयोग भाषेत उगाच रूढ झालेला नाही. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धती स्वीकारण्यात आली, १ ऑक्टोबर १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने अंमलात येऊ लागली, आणि वजनाला किलोग्रॅम व द्रवाच्या मापाला लिटर अशी दोन स्वतंत्र नावे मिळाली. १९७६ चा कायदा व त्यानंतर १ एप्रिल २०११ पासून अंमलात आलेला २००९ चा वैधमापन कायदा यांनी ही व्यवस्था पक्की केली. बाजारातून शेर व पायली गेली. परंतु लिटर म्हणजेच किलो, असे समजण्याच्या सवयीने जुन्या मापी शेराला स्वयंपाकगृहात पुन्हा जागा करून दिली आहे.

जुन्या मापाबरोबर आणखी एक गोष्ट आली आहे, ती म्हणजे शीग. माप काठोकाठ भरून वर धान्याचा जो ढीग राहतो तो शीग. पायली शिगेची की सपाट, यावरून पूर्वी खळ्यावर वाद होत. शाळेच्या कोठीतही तोच प्रश्न असतो, फक्त तो कोणी विचारीत नाही. भांड्याचे तोंड १२ सेंटिमीटर रुंद असेल आणि शीग साडेतीन सेंटिमीटर उंच चढली, तर शंकूच्या घनफळाच्या सूत्राने त्या शिगेत सुमारे १३० मिलिलिटर धान्य बसते. एका लिटरच्या मापावर ही तेरा टक्के वाढ झाली. तोंड २० सेंटिमीटरचे असेल, तर त्याच उताराची शीग सुमारे ६१० मिलिलिटरची होते. तोंडाची रुंदी दुपटीपेक्षाही कमी वाढली, शीग मात्र साडेचार पटींहून अधिक वाढली, कारण शिगेचे घनफळ रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. यावरून मापासाठी कोणते भांडे घ्यावे हेही ठरते. पसरट पातेली किंवा घमेले कधीही घेऊ नये. उभ्या, सरळ कडांचा, अरुंद तोंडाचा डबा घ्यावा, आणि फूटपट्टीसारख्या सरळ पट्टीने वरचे धान्य एकदा सपाट करावे. डबा आपटून किंवा हलवून भरू नये. आपटल्याने दाणे दडपून बसतात आणि त्याच डब्यात वाजवीपेक्षा अधिक तांदूळ मावतो.

आता मुख्य कामाकडे वळता येईल. कोणत्याही पुस्तकातील कोष्टक उतरवून माप ठरवू नये. वर दिलेला ८२० ग्रॅमांचा आकडाही केवळ उदाहरणाचा आहे. लांब दाण्याचा तांदूळ व आखूड जाड तांदूळ, कोरडा व दमट तांदूळ यांचे माप सारखे येत नाही. माप प्रत्येक शाळेने स्वतःच्या डब्याने, स्वतःच्या कोठीतील तांदळावर, तराजूने ठरवावे. रिकामा डबा तोलून त्याचे वजन लिहून ठेवावे. मग तो नेहमीच्या हाताने, म्हणजे रोज जी बाई शिधा काढते तिनेच भरावा, सपाट करावा व तोलावा. असे पाच वेळा करावे. समजा, लिटरच्या मापात निव्वळ तांदूळ अनुक्रमे ८१५, ८२२, ८१८, ८२६ व ८१९ ग्रॅम भरला. बेरीज ४,१०० व सरासरी ८२० ग्रॅम आली. पाच वेळांत दहा-पंधरा ग्रॅमांचा फरक पडणे स्वाभाविक आहे. पन्नास ग्रॅमांचा पडू लागला, तर भरण्याची रीत एकसारखी नाही असे समजून पुन्हा सुरुवात करावी. हे काम पाचवी-सहावीच्या मुलांसमोर केले, तर सरासरीचा पाठ वेगळा शिकवावा लागणार नाही.

परंतु ८२० ग्रॅमांचे माप हाती आले म्हणून रोजचे काम सोपे होत नाही. सहा किलोंना ८२० ने भागले की सात मापे आणि वर जवळजवळ एकतृतीयांश माप येते. चुलीपुढे उभ्या असलेल्या बाईने हा भागाकार रोज करावा, अशी अपेक्षा धरणे व्यवहार्य नाही. यापेक्षा उलट बाजूने जावे. लिटराला किलोत बदलण्याऐवजी मुलांच्या संख्येलाच माप करावे. दहा मुलांचा तांदूळ एक किलो. तो तराजूवर अचूक तोलावा व दीड लिटरच्या सरळ कडांच्या डब्यात ओतून सपाट करावा. तो साधारण सव्वा लिटराच्या आसपास चढेल. तेथे डब्याच्या आत खिळ्याने ठळक रेघ ओढावी. हे झाले दहा मुलांचे माप. मग शंभर ग्रॅम तोलून एक वाटी निवडावी. सुमारे १२० मिलिलिटरची वाटी जुळते, आणि किंचित मोठी असल्यास तीतही रेघ ओढावी. हे एका मुलाचे माप. उपस्थिती सत्तेचाळीस असेल, तर चार डबे व सात वाट्या. गुणाकार नाही, भागाकार नाही. शाळेत सहावी ते आठवीचे वर्ग असतील, तर दीड किलोची दुसरी रेघ व दीडशे ग्रॅमांची दुसरी वाटी ठेवावी. दोन्ही गटांची मापे दुरून ओळखू यावीत म्हणून डब्यांना बाहेरून वेगळे रंग देण्यास हरकत नाही.

डाळीचेही असेच करावे. दहा मुलांची डाळ २०० ग्रॅम, ती तूरडाळ असेल तर पाव लिटराहून किंचित कमी जागेत मावते. मात्र तूर, मूग, मसूर व हरभरा यांना एकच माप लावू नये, प्रत्येकीची रेघ निराळी येते. मटकी, मूग किंवा वाटाणा भिजवून वापरावयाचा असेल, तर भिजविण्यापूर्वीच मोजावा. भिजलेले कडधान्य फुगून जवळजवळ दुप्पट होते, आणि भिजलेल्यावर माप धरले तर मुलाच्या वाट्याला निम्मेच कडधान्य येते. तेलाला दहा मुलांमागे ५० ग्रॅम, म्हणजे सुमारे ५५ मिलिलिटर लागते, व मोठ्या गटाला ७५ ग्रॅम, म्हणजे सुमारे ८२ मिलिलिटर. एवढ्यासाठी खुणा असलेला लहान पेला पुरेसा आहे. तेलात शिगेचा प्रश्न येत नाही, म्हणून ते मोजण्यास सर्वांत सोपे.

सर्वांत फसवे माप पिठाचे. नुकतेच चाळलेले गव्हाचे पीठ एका लिटरात अर्धा किलो भरते, आणि तेच डब्यात दाबून बसविले तर साडेसहाशे-सातशे ग्रॅमपर्यंत जाते. बेसनाचेही वर्तन असेच असते. जेथे पोळी, भाकरी, शिरा अथवा लाडू यांसाठी पीठ निघते, तेथे माप वापरूच नये, तोलावे. मिठाचे उलट आहे. बारीक मीठ पाण्याहून जड, त्याचा सपाट लिटर सुमारे बाराशे ग्रॅम भरतो आणि पाच मिलिलिटरच्या चमच्यात जवळजवळ सहा ग्रॅम मीठ बसते. खडेमीठ त्याच चमच्यात बरेच कमी मावते. खड्यांची सवय असलेल्या हाताने बारीक मीठ त्याच मापाने घातले, की खिचडी खारट होते. गूळ तोलावा. पालेभाजीला माप असूच शकत नाही, कारण जुडीचा आकार रोज बदलतो. भाजी निवडल्यानंतर तोलावी, देठ व मुळे यांचे वजन मुलांच्या नावे लिहू नये.

शिजलेल्या अन्नाचे वाटप हाही मापाचाच भाग आहे. शंभर ग्रॅम तांदळाचा भात पाण्याच्या प्रमाणानुसार अडीचशे ते तीनशे ग्रॅम होतो. कच्चा शिधा अचूक काढला आणि वाढताना पहिल्या पंगतीला पळी भरभरून पडली, तर शेवटच्या वर्गाला खरवड उरते. खिचडी नेहमीच्या पद्धतीने शिजवून एखाद्या दिवशी संपूर्ण पातेले पळीने मोजावे. किती पळ्या निघाल्या यास उपस्थितीने भागावे, म्हणजे त्या पळीने प्रत्येकास किती वाढावयाचे ते कळते. पळी बदलली की हा आकडा बदलतो, म्हणून वाढण्याची पळी ठरलेली असावी.

माप जेवढे तराजूवर अवलंबून आहे, तेवढाच तराजूही तपासलेला असला पाहिजे. ताणकाट्याची स्प्रिंग वापराने सैल पडते. इलेक्ट्रॉनिक काटा सपाट, न हलणाऱ्या जागेवर नसेल तर चुकीचा आकडा दाखवितो. व्यवहारात वापरल्या जाणाऱ्या वजनांची पडताळणी दर चोवीस महिन्यांनी व इलेक्ट्रॉनिक काट्याची दर बारा महिन्यांनी करून घेण्याचा नियम आहे. पडताळणीची मुद्रा असलेले एक किलोचे वजन गावातील दुकानदाराकडून घटकाभर मागून आणले, तरी शाळेचा काटा खरा की खोटा हे कळते. शिधा उतरवून घेतानाही हाच काटा उपयोगी पडतो. रिकाम्या तागाच्या पोत्याचेच वजन अर्ध्या किलोहून अधिक भरते. ते वजा न करता पोते जमा धरले, तर कोठीतील हिशेब पहिल्या पायरीवरच चुकतो आणि पुढची सर्व दक्षता वाया जाते.

शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य व ग्रामपंचायत सदस्य शाळेला भेट देतात, तेव्हा बहुधा आहाराची चव पाहतात व वहीवर सही करतात. चव पाहावीच, परंतु त्या भेटीत आणखी पाच मिनिटे काढून एक गोष्ट करता येईल. स्वयंपाकिणीला नेहमीच्या मापाने दहा मुलांचा तांदूळ काढण्यास सांगावे आणि तो तिच्यासमोर तोलावा. एक किलोच्या आगेमागे वीस-पंचवीस ग्रॅम आले, तर माप ठीक आहे. आठशे आले तर दोष शोधावयाचा तो मापात, बाईत नव्हे. ही पडताळणी आरोपाच्या सुरात झाली, तर पुढच्या भेटीपुरतेच माप बरोबर निघेल.

एकदा ओढलेली रेघ कायमची नसते. नवा तांदूळ आला, वाण बदलला किंवा पावसाळ्यात कोठीत दमटपणा वाढला, की एक किलो पुन्हा तोलून रेघ तपासावी लागते. डब्याच्या बाहेर, पुसले जाणार नाही अशा रंगाने तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात : रिकाम्या डब्याचे वजन, माप किती मुलांचे, आणि ते शेवटचे कोणत्या तारखेला तोलून पाहिले.